दसऱ्याला येणारी गाडी

भादव्याचं ऊन सुरू झालं की माझं डोकं फिरतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पोळा होऊन गेलेला असतो, गणपती बसलेले असतात, सोयाबीन पिवळं पडायला लागतं आणि पाऊस गेला की दडून बसलाय याचा पत्ता नसतो. जमिनीतून वाफ निघते. त्या वाफेत शेण, कुजका पाला, गाजरगवत आणि न वाळलेलं फडकं असा सगळा मिळून एक वास असतो. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, काय हिरवंगार आहे हो तुमच्याकडे! असेल. मला या दिवसांत जेवण जात नाही.

त्यातच परवा प्रकाशनं व्हिडिओ पाठवला. प्रकाश म्हणजे माझा साळा. चिखलीला त्याचं कापडाचं दुकान आहे, पंचेचाळिशी गाठलीय, जिना चढताना गुडघा धरतो. व्हिडिओत एक जण एका मोटरसायकलीबद्दल वीस मिनिटं बोलतो. गाडी अजून आलेली नाही. ती त्यानं पाहिलेली नाही, कोणीच पाहिलेली नाही. कुठल्यातरी घाटात चट्ट्यापट्ट्यांचं कव्हर घालून ती पळवत होते म्हणे, तेव्हा कोणीतरी लांबून काढलेला एक धुरकट फोटो, आणि त्या फोटोवर ही सगळी पोथी. ॲडव्हेंचर टूरर. दसऱ्याला येणार. तिच्याकडून काय काय अपेक्षा ठेवायची, ते हा पठ्ठ्या बोटांवर मोजून दाखवतो.

पाठोपाठ फोन. "भाऊजी, पाह्यला का? कसा वाटला?"

"ओकारी आली," मी म्हटलं.

"मस्करी नका करू ना हो. मी माही गाडी काढून टाकून राह्यलो. गिऱ्हाईक दारात उभं हाय. पितरं लागायच्या आंधी देऊन टाकतो, म्हंजे दसऱ्याले सरळ नवी."

"अन् मधले पंचवीस दिवस?"

"मधल्या पंचवीस दिवसांचं काय? पाय हायेत ना!"

मी फोन ठेवला आणि ओट्यावर बसलो. चार वर्षांपूर्वी, याच दिवसांत, याच ओट्यावर मी हेच बोललो होतो. शब्दही हेच. माझ्यात आणि प्रकाशमध्ये फरक एवढाच की त्याला दुकानात जायचं असतं, आणि मला जायचं होतं ढोरांना लस टोचायला.

मी गुरांच्या दवाखान्यातला माणूस. कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, गावात सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. सुई टोचतो, जखमा धुतो, अडलेली गाय मोकळी करतो आणि खरा डॉक्टर लागला तर त्याला फोन करतो. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी जी गावं आहेत त्यातली काही माझ्या वाट्याला आहेत. त्यात शेवटचं खैरझिरा. पुढं डोंगर. एसटी मुख्य रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत येते, तिथून सात किलोमीटर आत. जीप फक्त बाजाराच्या दिवशी. बाकीचे दिवस ज्याच्याकडं गाडी आहे तो गाडीनं जातो, ज्याच्याकडं नाही तो पायी. या वाटेवर माझी उमर गेली. मोटरसायकल काय असते हे मला चट्ट्यापट्ट्यांच्या फोटोवरून कोणी सांगायची गरज नाही.

तरी व्हिडिओ मी पूर्ण पाहिला. दोनदा पाहिला. आग लागो माझ्या सवयीला.

तो म्हणतो, सस्पेन्शन असं लांब की खड्डा कळणारच नाही. अरे बाबा, खड्डा कळला पाहिजे! खैरझिऱ्याच्या वाटेवर कोणत्या खड्ड्यात पाणी आहे आणि कोणत्यात चिखल, हे माझ्या कमरेला पाठ आहे, म्हणून मी अजून जिवंत आहे. तो म्हणतो, समोर उंच काच असेल, वारा लागणार नाही. आमच्याकडं वारा लागत नाही, चिलटं लागतात. त्यावर उपाय म्हणजे तोंड मिटून गाडी चालवायची, जे प्रकाशला जन्मात जमणार नाही. तो म्हणतो, एक बटण दाबलं की गाडी ऑफ-रोड. म्हणजे रस्ता सोडून. रस्ता सोडायला आधी रस्ता लागतो ना! आणि मग तो शब्द, दर दोन वाक्यांनंतर: ॲडव्हेंचर. चिखलातून उडत जाणारी गाडी दाखवतात, मागं संगीत, चिखल हळूहळू हवेत. त्या चिखलाला वास नाही. त्यात कोणाचं रेडकू मेलेलं पडलेलं नाही. लोकांच्या रोजच्या हालांना हे भाडखाऊ साहस म्हणतात आणि वर हेल्मेटला कॅमेरा लावतात.

पण खोटं कशाला बोलू? मला चीड या व्हिडिओची नाही. चार वर्षांपूर्वी असाच एक व्हिडिओ मला तोंडपाठ होता.

तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. कशी लहर चढली देव जाणे. ती गाडीही अशीच होती, येणार येणार म्हणत होती आणि दसऱ्याला येणार होती. आऱ्यांची चाकं, उंच नाक, मागं दोन बाजूंना पेट्या. मी दवाखान्यात बसून शिपायाला सांगायचो, त्या पेट्यांमध्ये लसीची बर्फाची पेटी कशी फिट बसेल. बायकोला सांगायचो, रिटायर झालो की तुला लडाखला नेतो. ती म्हणायची, "आंधी शेगावले न्या, ते जवळ हाय." गावागावांत मी त्या गाडीची जाहिरात करत फिरत होतो आणि कंपनीला माझं नावही माहीत नव्हतं.

माझी जुनी गाडी चांगली चालत होती. पण नवी आली की जुनीला कोण विचारतं, असा हिशोब डोक्यात. पितृपक्षात कोणी गाडी घेत नाही, म्हणून मी घाई करून गणपतीतच ती विकून टाकली. मग पितरं लागली. आता दुसरी जुनी तरी कशी घ्यायची? पितरांत लोखंड घरात आणत नाहीत. असं मी सगळ्यांना सांगितलं, आईचं नाव पुढं करून. आई तिकडून स्वयंपाकघरातून ओरडली, "माह्यं नाव नको घेऊ! मेलेल्यांले गाडीतलं काय समजते? जाय, एखादी जुनी घेऊन ये." मी ऐकलं नाही. खरं कारण पितरं नव्हतीच. महिन्याभरासाठी कोणाची तरी खटारा घेतली तर नव्या गाडीची हवा जाईल, हे कारण होतं.

आणि त्याच भादव्यात लम्पी आला.

ज्यांनी तो रोग पाहिला नाही त्यांना सांगतो. आधी ताप येतो, ढोर रवंथ सोडतं. मग मानेवर गाठी उठतात, सुपारीएवढ्या, मग अंगभर. पाय सुजतात. गाठी फुटतात तेव्हा कातडीचं झाकण निघाल्यासारखं होतं आणि आतला लाल खड्डा दिसतो, कडेनं पू, पुवावर माशा. माशा हाकलाव्या तर त्या आपल्या तोंडावर बसतात. लोक लिंबाचा पाला जाळत, हळद लावत, तुरटीचं पाणी मारत. गोठ्यात शिरलं की धूर, फिनाईल आणि त्याखाली तो गोडसर कुजका वास. घरी येऊन तीन-तीनदा हात धुवायचो. भाकरी मोडली की भाकरीतून तो वास यायचा. ढोरांचे बाजार बंद झाले होते आणि रस्त्यानं जाताना एखाद्या नाल्याच्या कडेला गिधाडाविना, कुत्र्यांविना एखादी गाय फुगून पडलेली असायची. कुत्रीसुद्धा जवळ जात नव्हती.

त्या रोगावर एकच गोष्ट आपल्या हातात होती. रोग गावात पोचायच्या आधी लस पोचली पाहिजे. खैरझिऱ्यात अजून रोग नव्हता. तिथं शर्यत होती, आणि माझ्याकडं गाडी नव्हती.

खैरझिऱ्यात हसनचाचा आणि गुलाबराव राहतात. दोघांची वावरं लागून, मधे फक्त धुरा, मातीचा बांध. हसनचाचा मिरची-कापूसवाला, बोलायला गोड, पांढरी दाढी. गुलाबराव काटक, तापट, शिवी दिल्याशिवाय सकाळ होत नाही. दोघांकडं एकेकच बैल. हसनचाचांचा भुऱ्या, गुलाबरावांचा तांब्या. दोघांची सावड होती. म्हणजे तुझा एक, माझा एक, मिळून जोडी. आज तुझं वावर, उद्या माझं. ही सावड त्यांच्या बापांपासूनची. बैल मेले, नवे आले, बाप गेले, पण जोडी मोडली नाही. पोळ्याला दोन्ही बैलांना एकाच घरी पुरणपोळी मिळायची, एका वर्षी गुलाबरावांकडं, दुसऱ्या वर्षी हसनचाचांकडं. हसनचाचांची बायको पुरण गुलाबरावांच्या बायकोहून चांगलं करते, हे गुलाबराव उघड सांगत आणि घरी बोलणी खात.

लम्पी आला म्हटल्यावर मी फोन करून सांगितलं होतं, लस टोचेपर्यंत बैल वेगळे बांधा. त्यांनी बांधले. हसनचाचांचा दर दोन दिवसांनी फोन. "डॉक्टर, कवा येऊन राह्यले? दोघं बी एकमेकाकडं पाहून हंबरतात. मले पाहावत नाही."

"येतो, येतो."

दोनदा 'येतो' म्हणून गेलो नाही. कोणाची गाडी मागावी तर ज्याची त्याची आपापल्या गावांना गेलेली. मागायची लाजही वाटत होती. तिसऱ्या वेळी सकाळच्या एसटीनं निघालो, बर्फाची पेटी मांडीवर घेऊन. फाट्यावर उतरलो तेव्हा साडेनऊ झाले होते. सरळ चालायला लागलो असतो तर अकरा-सव्वाअकराला गावात असतो आणि बर्फ टिकला असता. मला ते माहीत होतं. नवशिका नव्हतो मी.

मी फाट्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसलो, लिंबाच्या सावलीत. म्हटलं, एखादी जीप येईल. बाजाराचा दिवस नव्हता, जीप येणार नव्हती. फोन काढला. आदल्या दिवशी त्या गाडीचा नवा व्हिडिओ आला होता. काय अपेक्षा ठेवावी, भाग दुसरा. मी तो पाहिला. मग पहिला पुन्हा पाहिला. कोणीतरी खाली लिहिलं होतं की टाकी छोटी आहे, त्याच्याशी मी टाकीवरून वाद घातला. फाट्यावर बसून, शेजारी चाळीस ढोरांची लस, आणि मी एका अनोळखी माणसाला टाइप करून सांगतोय की दादा, आपल्याकडच्या रस्त्यांना एवढी टाकी पुरते. मान वर केली तेव्हा लिंबाची सावली सरकली होती आणि पेटी पुरती उन्हात होती. कधीपासून होती कोण जाणे.

बारा वाजून गेल्यावर चालायला लागलो. भादव्याचं ऊन हरणाला काळं करतं म्हणतात. पेटी कधी खांद्यावर, कधी डोक्यावर. घाम डोळ्यांत. वाटेत दोनदा बसलो. बसलो की त्या गाडीच्या पेट्या आठवायच्या, आणि तेव्हा, आता सांगायला लाज वाटते, मला स्वतःची दया येत होती.

गावात पोचलो तर सगळे सकाळपासून ढोरं बांधून बसलेले. "डॉक्टर पायी आला हो!" असा गलका झाला. एका म्हातारीनं माझ्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं. गुलाबराव ताक घेऊन आले. हसनचाचांनी पेटी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः ओट्यावर नेऊन ठेवली. मी झाकण उघडलं आणि आत हात घातला. बर्फाच्या पिशव्या लिबलिबीत झाल्या होत्या, कोमट, अंगाइतक्या गरम.

ती लस गेलेली होती. गरम झालेली लस आणि विहिरीचं पाणी यात फरक नसतो. अशा वेळी काय करायचं हे नियमात लिहिलेलं आहे आणि अकलेतही. झाकण लावायचं, लोकांना सांगायचं, बाबांनो, लस खराब झाली, उद्या परत येतो. एवढंच. पण मग कोणीतरी विचारलं असतं, कशी खराब झाली? आणि ते सगळे माझ्याकडं एवढ्या प्रेमानं पाहत होते.

मी सुई भरली. एकेक करून चाळीस ढोरांना टोचली. भुऱ्याला हसनचाचांनी धरला, तांब्याला गुलाबरावांनी. हसनचाचांनी विचारलं, "आता जुंपू का?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "लगेच नाही. अंगात ताकद यायला तीन आठवडे लागतात. तोवर वेगळेच बांधा. मग खुशाल जुंपा." सल्ला अगदी पुस्तकातला. हसनचाचांनी दाव्याच्या दोरीला गाठ मारली, म्हणाले रोज एक मारतो, एकवीस झाल्या की सोडतो. परत जाताना एकानं मला फाट्यापर्यंत गाडीवर सोडलं. गावात तीन गाड्या होत्या. फाट्यावरून एक फोन केला असता तर कोणीही न्यायला आलं असतं. हे मला परतीच्या वाटेवर सुचलं.

पुढच्या आठवड्यात जाऊन पुन्हा टोचू, असं मी मनात ठरवलं. मग दसऱ्याला गाडी आली की तिच्यावरूनच जाऊ, असं ठरवलं. दसरा आला. झेंडूचे हार आले, लोकांनी ट्रॅक्टरला, सायकलीला, शिलाई मशीनला हार घातले, चाकाखाली लिंबं ठेवली. माझ्या दारात हार घालायला काही नव्हतं. गाडी पुढं ढकलली होती. आता म्हणे नव्या वर्षात. दसऱ्यानंतर मी मुकाट्यानं एक जुनी घेतली, तीच आजही चालवतोय. तोवर हरभऱ्याच्या पेरणीची घाई लागली होती आणि मी स्वतःची समजूत घातली होती की खैरझिऱ्यात रोग आलाच नाही, म्हणजे नाही येणार.

एकवीस गाठी झाल्या. बैल सुटले. शेजारी शेजारी उभे केले तर एकमेकाची मान चाटत होते, हसनचाचांनी फोनवर सांगितलं. दोन्ही वावरं पेरून झाली. आणि आठ-दहा दिवसांत भुऱ्याला गाठी उठल्या. दुसऱ्या दिवशी तांब्याला. बाकी गाव नशिबानं वाचलं.

भुऱ्या वाचला. तांब्या नाही वाचला. मी रोज जात होतो, आता गाडी होती ना. शेवटच्या दिवशी त्याच्या गळ्याखालची कातडी लोंबत होती, नाकातून दोरीसारखा चिकट शेंबूड, आणि तो उभाच होता. बसायला तयार नव्हता. गुलाबराव त्याच्या डोळ्यांवरच्या माशा टॉवेलनं हाकलत होते. हसनचाचा दारात. गुलाबरावांनी मान वर न करता विचारलं, "डॉक्टर, लस टोचली व्हती ना?"

"टोचली होती."

"चांगली व्हती ना?"

त्या क्षणी मी काय केलं ते सांगतो. मी हसनचाचांकडं पाहिलं आणि हातातली सुई धुवायला लागलो.

"चांगली होती," मी म्हटलं.

"मंग रोग आला कुठून?" आता गुलाबराव उठले. "तू गेलता ना पिंपळगाव राजाले, साळ्याकडं मय्यतीले? तिथं सारी ढोरं सडून राह्यलीत. तूच आणला. बैल घेऊन गेलता तू, भाड्यानं द्याले!"

"गुलाब, मी एसटीनं गेलतो. बैल इथंच व्हता, गाठी मारलेली दोरी पाह्य ना—"

"दोरीले काय, दोरी कोनी बी बांधते! डॉक्टरची लस चांगली, मंग खोटं कोन? तूच ना? निंघ! निंघ माह्या गोठ्यातून!"

हसनचाचांनी माझ्याकडं पाहिलं. काही तरी बोला, एवढंच त्या नजरेत होतं. रोग माशांनी पसरतो, असं मी पुटपुटलो. इतकं हळू की माझं मलाच ऐकू आलं. तांब्या त्या दुपारी गेला. सावड त्याच दिवशी मोडली.

तेव्हापासून चार वर्षं झाली. दोघंही आता ट्रॅक्टर बोलावतात. धुऱ्यावर बोरी-बाभळी माजल्यात, आधी तिथून पायवाट होती. एकटा बैल कामाचा नसतो, पण भुऱ्या हसनचाचांनी ठेवलाय, अंगावर गाठींचे डाग घेऊन बांधलेला असतो. मी वर्षातून दोन-तीनदा जातो, एका घरी चहा पितो, दुसऱ्या घरी ताक पितो. दोघंही माझा मान ठेवतात. त्या मानाची मला जी किळस येते ती लम्पीच्या पुवाचीही आली नव्हती. हात धुता येतात.

आणि परवा संध्याकाळी प्रकाश पुन्हा फोन करून म्हणतो, "भाऊजी, तुमचा तो खैरझिऱ्याचा रस्ता लय भारी हाय म्हंतात. नवी आली का पह्यली टेस्ट तिथंच. रस्ता जितका खराब तितकी मजा!" मी त्याला अशी शिवी दिली की बायको आतून धावत आली. म्हटलं, गाडी विकायची तर विक, पण त्या वाटेवर मजा करायला पाय टाकशील तर तंगडी तोडीन. तो बिचारा चाट पडला. त्याला काय माहीत?

रात्रीचं जेवण सोडून मी निघून गेलो वगैरे काही नाही. पोळ्या खाल्ल्या, झोपलो. पण काल लाळ्या-खुरकताची लस घेऊन खैरझिऱ्याला जायचं होतं. सकाळी लवकर निघालो. पेटीत बर्फ दगडासारखा होता. सगळी ढोरं टोचून झाली, मग हसनचाचांच्या वावरात गेलो. ते मिरचीतलं तण काढत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. विकलेली गाडी, फाटा, व्हिडिओ, कोमट पिशव्या, आणि ते 'चांगली होती'. सांगताना मधे कुठं थांबलो तर पुन्हा सांगू शकणार नाही असं वाटत होतं, म्हणून थांबलो नाही.

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. मला वाटलं, आता शिवी येईल, आणि खरं सांगतो, ती यावी असं वाटत होतं.

"मले काऊन सांगून राह्यले, डॉक्टर?" ते म्हणाले. "मले तं माहीतच व्हतं का मी बैल नेला नाही. ज्याले माहीत नाही त्याले सांगा ना."

आणि पुन्हा खुरपं उचलून वाफ्यात बसले.

धुऱ्यावरच्या बोरींनी पॅन्ट फाडली. गुलाबराव गोठ्याबाहेर कडबा रचत होते. "या, या, डॉक्टर! ताक आणू?" म्हणाले. नको म्हटलं. आणि पुन्हा सगळं सांगितलं. हसनचाचांना सांगणं सोपं होतं, हे आता कळलं. गुलाबरावांचे हात थांबले होते. त्यांनी शिवी दिली नाही. या माणसानं शिवी दिली नाही, याचीच मला भीती वाटली.

"तवा काऊन नाही सांगतलं?"

मी चार वर्षं या प्रश्नाची उत्तरं तयार करत होतो. ऊन होतं, जीप नव्हती, कामाचा ताण होता. ती सगळी बाजूला ठेवली.

"दसऱ्याला नवीन गाडी येणार होती," मी म्हटलं. "तिच्यासाठी जुनी विकली होती. हे सांगायची लाज वाटली."

"मंग? आली का ते गाडी?"

"दोन वर्षांनी आली."

"घेतली?"

"नाही."

गुलाबरावांनी हातातली पेंढी खाली ठेवली. बाभळींच्या पलीकडं हसनचाचांची पांढरी टोपी हलताना दिसत होती, तिकडं पाहत ते बोलले.

"त्याच्या पोरीचं लगन झालं मागल्या साली. लहानपनी ते पोरगी माह्याच खांद्यावर बसून वावरात ये. बारात या दारावरून गेली, डॉक्टर. वाजंत्री माह्या दारासमोर थांबली व्हती, बराच वेळ थांबली. मी आतून कवाड लावून बसलो व्हतो."